जादा ताकदीला धनी मिळाला

नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेतल्या एनव्हिडिया कंपनीनं जीटीएक्स 580 नावाचं ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं. किंमत 499 डॉलर. एका चिपवर 300 कोटी ट्रान्झिस्टर, 512 छोटे कोअर आणि सेकंदाला दीड लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करण्याची कागदोपत्री क्षमता. एवढं सगळं कशासाठी, तर गेम खेळण्यासाठी. पडद्यावरचा सैनिक पळताना त्याची सावली भिंतीवर नीट पडावी आणि पाण्यात आकाश हललेलं दिसावं, यासाठी.

त्यातही गंमत अशी की त्या काळातल्या बहुतेक गेमना एवढी ताकद लागतच नव्हती. मोठ्या कंपन्या आपले गेम आधी एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 साठी लिहीत, आणि ती यंत्रं 2005-06 सालची. तोच गेम नंतर कॉम्प्युटरवर यायचा आणि नवं कार्ड त्याचा फडशा पाडून निवांत बसायचं. 'क्रायसिस'सारखे घाम फोडणारे गेम होते, पण ते अपवाद. म्हणजे ज्यानं 499 डॉलर मोजले त्यानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद विकत घेतली होती.

दोन वर्षांनी यातलीच दोन कार्डं टोरांटोत एका विद्यार्थ्याच्या झोपायच्या खोलीत दिवसरात्र चालली, आणि यंत्राला दृष्टी मिळाली. आज ज्याला सगळं जग 'एआय' म्हणतं, त्याचा आताचा अवतार तिथून सुरू होतो. ती जादा ताकद मुळात आलीच कशी आणि तिला धनी कसा मिळाला, याची ही गोष्ट.

ती ताकद येते कशी, याचं उत्तर एप्रिल 1965 मधल्या एका चार पानी लेखात आहे. लेखक गॉर्डन मूर, तेव्हा फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीचे संशोधनप्रमुख. चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होत जातील आणि 1975 पर्यंत 65,000 होतील, हे त्यांचं भाकीत सगळ्यांना माहीत असतं. (पुढे 1975 मध्ये त्यांनीच दुपटीची मुदत दोन वर्षांवर नेली.) पण मूळ लेख वाचला तर लक्षात येतं, मूर यांचा मुद्दा वेगाचा नव्हताच. तो पैशाचा होता.

चिप छापली जाते. लग्नपत्रिकेच्या छपाईत ब्लॉक तयार करण्याचाच मोठा खर्च असतो, त्यात चार ओळी असोत की चाळीस. इथंही सिलिकॉनच्या चकतीवर प्रक्रिया करणं, चिप कापणं, वेष्टनात बसवणं, तपासणं हा खर्च घटक कमी ठेवले म्हणून फारसा कमी होत नाही. फार दाटीवाटी केली तर सदोष चिपांचं प्रमाण वाढतं. या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी एक आकडा असतो, जिथं एकेक घटक सर्वांत स्वस्त पडतो. तंत्र सुधारत गेलं की तो आकडा वर सरकतो, हे मूर यांचं खरं निरीक्षण. याचा अर्थ, 'गरजेपुरती' चिप बनवू म्हणणाऱ्याला प्रत्येक ट्रान्झिस्टर महाग पडतो. शेजारचा कारखानदार दुप्पट ट्रान्झिस्टर त्याच पैशात देत असताना गरजेपुरतं बनवणारा बाजारात टिकत नाही. गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून चिप दुप्पट होत नाही. न केली तर धंदा बसतो, म्हणून होते.

मग त्या ताकदीचं करायचं काय? मूर यांनी घरगुती संगणक, मोटारींमधली स्वयंचलित नियंत्रणं, माणसाबरोबर फिरणारी संपर्कसाधनं अशी दोन-चार नावं घेतली आणि ते पुढे गेले. लेखासोबत एक व्यंगचित्र होतं: दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या शेजारी मांडून हातात मावणारे घरगुती संगणक विकणारा विक्रेता. 1965 मध्ये तो निव्वळ विनोद होता.

जादा ताकद आपोआप सत्कारणी लागते, असा मात्र समज नको. बहुतेक वेळा ती वाया जाते. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी 1995 मध्येच तक्रार केली होती की हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून जलद सॉफ्टवेअर जड होत जातं. खरंच आहे ते. तुमच्या ऑफिसातली साधी फाइल उघडायला लागणारा वेळ वीस वर्षांत किती कमी झाला, ते घड्याळ लावून पाहा.

मुख्य प्रोसेसरचा वेग वर्षानुवर्षं वाढत राहिला आणि 2004 च्या सुमारास अडखळला. ट्रान्झिस्टर अजून लहान होत होते, पण चिपच्या आतल्या घड्याळाचा ठोका वाढवला की ती असह्य तापायची. त्या वर्षी मे महिन्यात इंटेलनं 'तेजस' या सांकेतिक नावाचा आगामी प्रोसेसर रद्दच करून टाकला. आता पंचाईत अशी झाली की दर दोन वर्षांनी दुप्पट ट्रान्झिस्टर तर मिळत राहणार, पण ते लावायचे कुठे? एका प्रोसेसरच्या जागी दोन, चार कोअर बसवले गेले. मात्र नेहमीचे प्रोग्रॅम एकापाठोपाठ एक पायरी चढणारे. चार कोअर दिले तरी तीन बसून राहायचे.

ग्राफिक्सला ही अडचण नव्हती. पडद्यावर वीस लाख ठिपके असतील तर प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे काढता येतो, आणि प्रत्येकाचं गणित साधारण तेच: गुणा, बेरीज करा, पुन्हा गुणा. हजार कोअर द्या, ग्राफिक्स हजारांना काम पुरवतं. त्यामुळे मुख्य प्रोसेसर जागच्या जागी धापा टाकत असताना ग्राफिक्सची चिप फुगत गेली, आणि तिचं बिल जगभरची गेम खेळणारी पोरं भरत होती.

अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्याची कल्पना पुणेकरांना नवी नव्हती. अमेरिकेनं क्रे कंपनीचा महासंगणक देण्यात आडकाठी केल्यावर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. त्याचा शिखर वेग सेकंदाला 100 कोटी आकडेमोडींच्या घरात होता. पण तो गरजेतून जन्मलेला संगणक: देशाला हवा होता, म्हणून सरकारनं पैसे दिले. वीस वर्षांनंतरचं जीटीएक्स 580 कागदावर त्याच्या हजारपटीहून पुढे होतं, आणि ते कुठल्याही देशानं मागितलेलं नव्हतं.

मागितलं नव्हतं, पण काहींना त्याचा वास लागला होता. स्टॅनफर्डमध्ये इयान बक नावाचा विद्यार्थी होता. त्यानं 2000 साली 32 जीफोर्स कार्डं एकत्र जोडली आणि आठ प्रोजेक्टर लावून 'क्वेक' हा गेम भिंतभर खेळून पाहिला. हौस फिटल्यावर त्याच्या डोक्यात आलं की या कार्डांकडून दुसरं काही करून घेता येईल का? त्या वेळी ते करायचं म्हणजे चिपला फसवावं लागे. चिपला फक्त चित्रं काढता येत. म्हणून संशोधक आपल्या गणितातले आकडे एखाद्या पृष्ठभागाचे रंग आहेत असं भासवून आत घालत, चिपकडून एक 'चित्र' रंगवून घेत, आणि त्या चित्रातल्या ठिपक्यांचे रंग वाचून उत्तर काढत. पडद्यावर पाहिलं असतं तर नुसता रंगीत गोंधळ दिसला असता.

बकनं या खटाटोपावर 'ब्रूक' नावाची भाषा तयार केली, 2004 मध्ये ती जाहीर केली आणि तो एनव्हिडियात गेला. नोव्हेंबर 2006 मध्ये जीफोर्स 8800 सोबत कंपनीनं 'कूडा' जाहीर केलं. आता चिपला चित्राचं सोंग देण्याची गरज उरली नाही. सी भाषा येणारा कोणीही तिला सरळ गणित सांगू शकत होता.

यासाठी चिपमध्ये जादा मंडलं घालावी लागली. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ठरवलं की ही सोय महागड्या खास कार्डांतच ठेवायची नाही, गेमवाल्यांच्या प्रत्येक कार्डात द्यायची. धंद्याच्या हिशेबानं हा वेडेपणाच. ज्या गिऱ्हाइकाला कूडा म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्या कार्डात ते घालायचं आणि नफा कमी करून घ्यायचा! गुंतवणूकदारांना ते पटलं नाही. 2008 अखेर शेअर गडगडला. मंदी होतीच, पण नवी बाजारपेठ कुठं आहे या प्रश्नाला कंपनीकडे धड उत्तर नव्हतं, हेही खरं. माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत मोठा जुगार हा आहे. हुआंग यांना न्यूरल नेटवर्क दिसत होतं म्हणून त्यांनी तो खेळला, असं आज सांगायला सोपं आहे. तेव्हा त्यांच्या यादीत तेलाचे साठे शोधणारे, हवामानवाले, रेणूंची गणितं करणारे होते. ज्यांनी पुढे जग बदललं, ते त्या यादीत नव्हते.

ते होते एका पडक्या वाड्यात. तो वाडा म्हणजे न्यूरल नेटवर्क, उदाहरणांवरून शिकणारं आकड्यांचं जाळं. कल्पना जुनी. कुनिहिको फुकुशिमा यांनी 1980 मध्ये मेंदूतल्या दृष्टिकेंद्राच्या रचनेवरून चित्र ओळखणारं जाळं मांडलं. अशी जाळी चुकांवरून शिकवायची कशी, याची रीत डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या 1986 च्या शोधनिबंधानं सर्वदूर पोचवली. यान लेकुन यांनी बेल लॅब्जमध्ये तीच जाळी वापरून पाकिटांवरचे पिनकोडचे हस्तलिखित आकडे वाचून दाखवले. आणि तिथं गाडी थांबली. आकडे ओळखणारं लेकुन यांचं 1998 चं जाळं सुमारे 60,000 वजनांचं, म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या तेवढ्या आकड्यांचं होतं. मांजर, ट्रक, फणस ओळखायचा तर त्याच्या शेकडो पट मोठं जाळं हवं, लाखो चित्रं हवीत आणि ती त्यात पुन्हा पुन्हा फिरवणारं यंत्र हवं. यांपैकी काहीच हाताशी नव्हतं. संगणकशास्त्रातल्या बहुतेकांनी निष्कर्ष काढला की कल्पनाच फसली. या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला 'करिअर वाया घालवू नकोस' असा सल्ला मिळण्याचा तो काळ.

जाळं शिकताना करावं लागणारं गणित म्हणजे आकड्यांच्या प्रचंड कोष्टकांचा गुणाकार. गुणा, बेरीज करा, पुन्हा गुणा. ठिपक्यांचंच काम!

हे जमेल असं काही जणांच्या लक्षात आलं होतं. 2004 आणि 2006 मध्ये तसे छोटे प्रयोगही झाले. पण 2009 मध्ये स्टॅनफर्डच्या रजत रैना, आनंद माधवन आणि अँड्र्यू एन्ग यांनी आकडेच समोर ठेवले: दहा कोटी वजनांचं जाळं शिकवायला लागणारे कित्येक आठवडे एका ग्राफिक्स कार्डावर सुमारे एका दिवसावर आले. त्याच सुमारास टोरांटोत हिंटन यांचे विद्यार्थी जॉर्ज डाल आणि अब्देल-रहमान मोहम्मद हेच अस्त्र बोललेले उच्चार ओळखायला वापरत होते. हिंटन तर इतके खूश की त्यांनी एका परिषदेत जमलेल्या संशोधकांना ग्राफिक्स कार्डं घ्यायला सांगितलं, आणि मग एनव्हिडियाला लिहिलं की तुमच्या एवढ्या मालाची जाहिरात केली, मला एक कार्ड फुकट द्या. कार्ड काही मिळालं नाही. हा किस्सा हिंटन स्वतःच सांगतात.

स्वित्झर्लंडमधल्या लुगानोचं नाव इथं घेतलंच पाहिजे, कारण लोकप्रिय इतिहासात ते गळतं. तिथल्या डॅन चिरेशान आणि युर्गेन श्मिडहुबर यांच्या गटानं 2011 मध्ये ग्राफिक्स कार्डांवर शिकवलेल्या जाळ्यानं वाहतुकीची चिन्हं ओळखण्याची स्पर्धा जिंकली, तीही माणसापेक्षा कमी चुका करून. पण वाहतुकीची चिन्हं मोजकी आणि ठरावीक. जगातल्या वाटेल त्या वस्तूचं काय?

ती परीक्षा फेई-फेई ली यांनी मांडून ठेवली होती. प्रिन्स्टनमध्ये 2007 पासून त्या इंटरनेटवरची चित्रं गोळा करून त्यांना नावं चिकटवून घेत होत्या. ॲमेझॉनच्या मजुरी-मंचावरून 167 देशांतल्या सुमारे 49,000 लोकांनी ते काम केलं. तयार झालं 'इमेजनेट', एक कोटीहून जास्त चित्रांचं भांडार. कोणी मागितलेलं नव्हतं, तेव्हाच्या प्रोग्रॅमना झेपणारंही नव्हतं. 2009 मधल्या एका परिषदेत त्याला व्यासपीठ मिळालं नाही, भिंतीवरच्या पोस्टरवर भागलं. इथंही गरजेआधी पुरवठा!

2010 पासून त्यावर वार्षिक स्पर्धा सुरू झाली. 12 लाख चित्रांवरून शिकायचं, 1000 प्रकार ओळखायचे. प्रत्येक चित्रासाठी पाच अंदाज सांगायची मुभा. पाचांतही बरोबर नाव नसेल तर चूक. पहिल्या वर्षी विजेत्याच्या चुका 28.2 टक्के. दुसऱ्या वर्षी 25.8. असंच रांगत पुढे जायचं, अशी सगळ्यांची समजूत.

हिंटन यांच्या विद्यार्थ्यांपैकी आणखी दोघं इथं महत्त्वाचे. इल्या सुत्सकेव्हर हा पक्का श्रद्धाळू: जाळं पुरेसं मोठं केलं आणि पुरेशी उदाहरणं दिली की ते शिकणारच, असं तो मानायचा. ॲलेक्स क्रिझेव्हस्की अबोल, पण ग्राफिक्स चिपकडून काम काढून घेण्यात उस्ताद. त्यानं छोट्या चित्रांसाठी लिहिलेला कूडा कोड पाहून इल्या मागे लागला की हाच इमेजनेटवर लाव. ॲलेक्सनं आई-वडिलांच्या घरी आपल्या खोलीत दोन जीटीएक्स 580 बसवलेला कॉम्प्युटर मांडला. एकेक कार्ड 244 वॅट वीज खाणारं. खोलीत हीटर लावल्यासारखंच ते.

अडचण ताकदीची नव्हती, जागेची होती. एका कार्डावर 3 जीबी मेमरी, आणि त्याला हवं होतं सहा कोटी वजनांचं जाळं. ते मावेना. म्हणून त्यानं जाळं उभं चिरलं: अर्धं या कार्डावर, अर्धं त्या कार्डावर, आणि ठरावीक थरांवरच दोघांनी एकमेकांशी बोलायचं. शिकून झाल्यावर पहिला थर उघडून पाहिला तर आपसूक कामाची वाटणी झालेली. एका कार्डावरच्या गाळण्या कडा आणि तिरक्या रेघा हेरत होत्या, दुसऱ्यावरच्या रंग. कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी नव्यानं शिकवलं तरी तेच व्हायचं.

आणखी एक तपशील मला फार आवडतो. चित्रं कापून, उलटी करून कार्डांपुढे नेऊन ठेवायचं काम मुख्य प्रोसेसरकडे होतं. कॉम्प्युटरचा राजा म्हणून मिरवणारी चिप हमाल झाली होती, आणि गेमचं कार्ड मालक.

एक फेरी पुरी व्हायला पाच-सहा दिवस. बारा लाख चित्रं सुमारे 90 वेळा डोळ्यांखालून जायची. मग काहीतरी बदलायचं आणि पुन्हा पाच-सहा दिवस. असं कित्येक महिने.

2012 चा निकाल लागला. टोरांटो: 15.3 टक्के चुका. दुसऱ्या क्रमांकावर टोकियो विद्यापीठाचा गट: 26.2. दोन-अडीच टक्क्यांनी पुढे सरकणाऱ्या स्पर्धेत अकरा टक्क्यांची झेप. ऑक्टोबरमध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत क्रिझेव्हस्कीनं काम मांडलं. वर्षानुवर्षं हातानं नियम घडवून चित्र ओळखणाऱ्या तज्ज्ञांना ते गिळणं जड गेलं, तरी दोन वर्षांत त्या स्पर्धेत बहुतेक सगळे याच वाटेनं आले. या कामावरच्या शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच हिंटन आणि या दोघा विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलं होतं की जास्त वेगवान कार्डं आणि मोठे चित्रसंग्रह येईपर्यंत नुसतं थांबलं तरी आमचे निकाल सुधारतील. आपल्या शोधाचं पुढचं पाऊल दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात, गेमसाठी, आपोआप पडणार आहे, हे इतकं सरळ मान्य करणारे शास्त्रज्ञ विरळा.

त्याच वर्षी गुगलनंही प्रयोग केला होता: 1000 यंत्रं, 16,000 कोअर, आणि व्हिडिओंतून आपोआप मांजर ओळखायला शिकलेलं जाळं. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या गटानं तेवढंच मोठं जाळं ग्राफिक्स कार्डं बसवलेल्या तीन यंत्रांवर शिकवून दाखवलं. त्यानंतर वाद उरला नाही. हिंटन आणि दोघा विद्यार्थ्यांनी काढलेली इवलीशी कंपनी डिसेंबर 2012 मध्ये लेक टाहोच्या हॉटेलात ईमेलवरच्या लिलावात विकली गेली. गुगलनं 4 कोटी 40 लाख डॉलर मोजले. हिंटन यांना 2024 चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत. इल्याला ते करावंसं वाटलं, ॲलेक्सनं ते करून दाखवलं आणि नोबेल मला मिळालं, असं हिंटन थट्टेत म्हणतात.

आता चित्र पूर्ण उलटं आहे. 2022 नंतर एनव्हिडियाची बहुतेक कमाई गेमवाल्यांकडून नाही, डेटा सेंटरकडून येते. जादा ताकद राहिली नाही. जगभर चिपांसाठी रांगा आहेत, आणि ज्या पोरांच्या पैशांवर हे उभं राहिलं ती कार्डांच्या किमती पाहून बोटं मोडतात. त्यांचे आभार मानलेले कुणी ऐकले नाहीत. न मागता आलेली ताकद एकदा स्वस्तात कोणाच्याही हाती लागत होती, म्हणून ती झोपायच्या खोलीपर्यंत पोचली. आजची ताकद मागणीनुसार बनते आणि ज्याच्याकडे अब्जावधी डॉलर आहेत त्याच्याकडे जाते. पुढचा क्रिझेव्हस्की यातून निपजणं मला अवघड दिसतं.

क्रिझेव्हस्कीचा 2012 चा मूळ कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं गुगलच्या सहकार्यानं मार्च 2025 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. कूडाही फुकट उतरवून घेता येतं. घरातल्या जुन्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडियाचं कार्ड पडून असेल, तर ते भंगारात घालण्याआधी मुला-मुलींच्या हाती द्या.